उजव्या कुशीतला आवाज

१

आवडाबाई दवाखान्यात शिरली तेव्हा बाहेरच्या बाकावर एकही रोगी नव्हता. हल्ली नसायचाच. एरवी रेवदंड्याच्या त्या दोन खोल्यांत सकाळी खोकल्यांचा नि पोरांच्या रडण्याचा असा गलका असायचा की डॉक्टर सुचिता वैतागून जायची. आता तोच गलका तिला हवाहवासा वाटत होता.

म्हातारीने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. काशीदच्या अलीकडच्या कोळीवाड्यातून ती एसटीने आली होती, आणि सुचिताला तिचं नाव विचारावं लागलं नाही. तिचा धाकटा मुलगा स्वप्निल न्हावा शेवाच्या बाजूला एका ठेकेदाराकडे जहाजावरचे कंटेनर आवळून बांधायच्या कामाला लागला होता. दिवाळी सरली आणि एका दुपारी कामावरच त्याला खोकल्याची उबळ आली, तोंडातून भळाभळा रक्त आलं, इस्पितळात पोचायच्या आत खेळ संपला. शवविच्छेदनात क्षय निघाला. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साचून खालचा भाग पार चेपला होता, वरून जाड साल धरली होती. दुखणं महिनोन्महिन्यांचं होतं. आणि गणपती झाल्यावर, कामावर घेण्याआधी, त्याची छाती तपासून ती ठणठणीत असल्याचं सांगणारी डॉक्टर म्हणजे सुचिता.

"बाय, मी भांडाय आले न्हाय," आवडाबाई म्हणाली. "माझा पोर गेला तो गेला. येवढंच सांग. तू त्याच्या छातीवर बोट वाजवलंस ना? नळी लावून ऐकलंस ना? मग आत येवढं पानी होतं, ते तुला ऐकाय कसं न्हाय आलं?"

ठेकेदाराने सगळा दोष डॉक्टरवर ढकलून हात झटकले होते. चौकशी बसली होती, नि निकाल विरुद्ध गेला तर दवाखान्याला कुलूप लागणार हे उघड होतं. पण सुचिताला आतून पोखरत होतं ते वेगळंच. तिचा स्वतःच्या कानांवरचा भरवसा उडाला होता.

कारण त्या दिवशी वारा होता. उरणजवळच्या ठेकेदाराच्या शेडमध्ये ती आठवड्यातून एकदा नवी माणसं तपासायला जायची. एक्स-रेची गाडी त्या दिवशी आलीच नव्हती, म्हणून सगळी भिस्त बोटांवर नि कानांवर. आणि वारा छपराचे पत्रे असे आपटत होता की तिला दर वेळी थांबावं लागत होतं. वारा जरा पडला की बोट वाजवायचं, पुन्हा उठला की थांबायचं. त्या गोंगाटात एका मरत्या पोराची छाती आपल्या कानांतून निसटली असेल का? म्हातारी निघून गेली तरी हा प्रश्न तिथेच बसून राहिला.

२

त्या दुपारी तिने दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि तो रोगी आठवायला घेतला.

चेहरा आठवेना. खोकणारी माणसं खूप, म्हणून सगळ्यांना मास्क लावायला तिनेच सांगितलं होतं. दाट केस, रुंद खांदे, खाली घातलेली नजर, बस. ओळखपत्रावरचा फोटो शाळेच्या वयातला, तो कुणाचाही खपला असता. पण छाती? छाती तिला आठवत होती. तिचं असंच होतं. बाजारात भेटलेल्या रोग्याचं नाव तिला सांगता यायचं नाही, पण ह्याच्या डाव्या बगलेत घरघर असते हे आठवायचं.

कॉलेजात त्यांचे सर पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्वतःच्या मांडीवर बोट वाजवायला लावत, मग छातीवर. मांडी बद्द वाजते, कारण आत नुसतं मांस. छाती घुमते, कारण आत हवा. डाव्या हाताचं मधलं बोट दोन बरगड्यांच्या खाचेत घट्ट टेकवायचं नि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर मनगटातून टिचकी मारायची. फुप्फुसाभोवती पाणी साचलं असेल तिथे आवाज तर मरतोच, पण टेकवलेल्या बोटालाही खालची जागा भिंतीसारखी कठीण लागते. सर म्हणायचे, आवाज ऐकू आला नाही तरी बोटाला विचारा.

सुचिताने बोटाला विचारलं. उजव्या पाठीवर ती वरून खाली वाजवत आली होती. बोटाखालची जागा शेवटपर्यंत लवचीक होती. मग तिने त्याला खोल श्वास घेऊन धरायला सांगितला होता आणि घुमणाऱ्या आवाजाची हद्द चांगली दोन बोटं खाली सरकली होती. वारा कानाला फसवेल. पण पाण्याखाली चेपलेलं, सालीत जखडलेलं फुप्फुस श्वासाबरोबर खाली सरकत नाही, मग वारा असो की नसो.

म्हणजे तिने तपासलेली छाती स्वप्निलची नव्हतीच. त्याच्या जागी दुसराच कुणीतरी बसला होता.

तिला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच लाज वाटली. एक जवान पोर मातीला मिळालं होतं नि आपण आपली सुटका शोधून खूश होतो आहोत, हे तिचं तिलाच बोचलं. पण म्हातारीने विचारलेल्या प्रश्नाला आता निदान दुसरा प्रश्न मिळाला होता. तो कोण होता?

आणखी एक गोष्ट आठवली. तिने "पाठ करा" म्हटलं, तर पुढचं काही सांगायच्या आधीच त्या माणसाने दोन्ही हात छातीवरून फिरवून उलट्या खांद्यांवर ठेवले होते नि मान खाली घातली होती. तसं केलं की खांद्यांमागची फऱ्याची हाडं बाजूला होतात आणि वाजवायला जागा मिळते. हे रोग्याला समजावून समजावून तोंड दुखतं. ज्याची छाती अनेकदा तपासली गेली आहे, तोच आपणहून तसा बसतो. मात्र ह्याची छाती तर धडधाकट होती. धडधाकट छातीच्या माणसाला आजाऱ्याची बैठक कुठून ठाऊक?

३

शिवदास मुकादम उरणच्या शेडमध्ये चहा पीत बसला होता. नवी माणसं जमवून आणणं हे त्याचं काम. सुचिताला पाहून त्याने चहा मागवला, पण नजर चुकवली.

"मॅडम, मी मानसं आनतो, त्यांच्या छात्या नाय उघडून बघत," तो म्हणाला.

तिने त्याला सरळच विचारलं, तुमच्याकडे दुसऱ्याला बसवायची पद्धत आहे का? त्याने आधी कानावर हात ठेवले. मग हळूहळू पाझरला. कुणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कुणाला कमी दिसतं, मग भाऊबंद मदत करतात. कुणाचं नुकसान होतंय त्यात, असं त्याचं म्हणणं. स्वप्निलचं मात्र त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या डोळ्यांना मास्कमागे सगळे सारखेच. एवढंच आठवत होतं की स्वप्निलसाठी शब्द टाकला होता केतनने, त्याच कोळीवाड्यातल्या त्याच्या मित्राने, आणि त्या दिवशी केतन शेडच्या फाटकाशी घुटमळत होता.

शिवदासला स्वतःला सुचिताने मनातल्या मनात केव्हाच वगळलं होतं. एवढ्या मोठ्या पोटाच्या माणसाच्या पाठीवर तिचं बोट अडखळलं असतं.

४

कोळीवाड्यात केतनचं नाव कुणी धड तोंडाने घेत नव्हतं. ह्यानेच पोराला बंदरावर नेलं, असं जो तो म्हणे. तो घराच्या पडवीत एकटाच बसलेला सापडला. वय स्वप्निलचंच, खांदेही तसेच रुंद. सुचिताने कशासाठी आले ते सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण तो उठून गेला नाही.

"शर्ट काढा," ती म्हणाली. "पाठ करा."

केतनने पाठ केली आणि दोन्ही हात मांडीवर टाकून बसून राहिला. हात पुढे घ्या म्हटलं तर त्याने ते समोर लांब केले. उलट्या खांद्यावर म्हटलं तर डोक्यावर नेले. शेवटी तिनेच ते धरून जागेवर ठेवले. डाव्या बाजूला दोन बरगड्या वाकड्या जुळलेल्या होत्या, मोटरसायकलवरून पडल्याच्या. त्या दिवशीची पाठ सरळ होती. हा तो नव्हता.

केतन पाठमोराच रडू लागला. स्वप्निलला दम लागतो हे त्याला दिसत होतं, पण काय झालंय ते स्वप्निलने कधी सांगितलं नाही. पूनमशी लग्न ठरलं होतं, पोराला लवकर कामाला लागायचं होतं. तपासणीच्या दिवशी केतनने त्याला फाटकापर्यंत सोडलं. मी आत येतो म्हटलं तर स्वप्निल म्हणाला, तू जा. एवढंच.

"त्याला दवाखान्यात कोण न्यायचं?" सुचिताने विचारलं.

कुणी नाही, केतन म्हणाला. आईला तर पत्ताच नव्हता. थोरला भाऊ गणराज त्याच्याशी बोलत नव्हता. उन्हाळ्यातच गणराजने त्याला होडीवरून उतरवलं होतं, भर किनाऱ्यावर चारचौघांत कामचोर म्हणाला होता. आणि तपासणीच्या दिवशी गणराज दर्यात होता. आवडाबाई तसंच सांगते, सगळा वाडा तसंच सांगतो.

सुचिता पडवीतून उतरली तेव्हा तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

५

किनाऱ्यावर बायका बोंबील वाळत घालत होत्या. होड्या पाण्यात नव्हत्या, ओळीने वर ओढून ठेवल्या होत्या, आणि वाऱ्याने बायकांचे पदर जागेवर राहत नव्हते. रंगू नावाची एक बाई तिला ओळखत होती. सुचिताने सहज विचारलं की आज होड्या गेल्या नाहीत का. रंगूने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, असा वारा सुटल्यावर कोण होडी घालतोय, आणि घातली तर परत कोण येतोय?

सुचिता तिथेच उभी राहिली.

शेडचे पत्रे आपटत होते त्या दिवशी. वारा ह्याहून जोराचा होता. उरणला असा वारा तर इथेही तोच, दर्या काही वेगळा नाही. ज्या वाऱ्याने आपले कान फसवले असं ती आधी मानत होती, त्या वाऱ्यात ह्या किनाऱ्यावरून एकही होडी सुटली नसणार. गणराज पहाटे होडीवर जातो सांगून निघाला असेल आणि आईने त्यावर विश्वास ठेवला असेल. वाड्याने आईवर ठेवला असेल. दुखवट्याच्या घरात कुणी तारखा जुळवून पाहत नाही. मग तो दर्यात नव्हता, तर कुठे होता?

आणि ते भांडण. क्षय झालेल्या पोराला जाळं ओढायच्या कामातून काढायचं आहे, पण का ते कुणाला कळू द्यायचं नाही, तर थोरल्या भावाने काय करावं? चारचौघांत कामचोर म्हणावं.

आवडाबाईच्या घरापुढे गणराज जाळं सांधत बसला होता. धाकट्याचं लग्न झालेलं नव्हतं, बाप आधीच गेलेला, म्हणून अग्नी त्यानेच दिला होता. त्यात डोकं आणि मिशा उतरवलेल्या. मास्कवरचे ते दाट केस शोधू जाणाऱ्याला इथे काहीच सापडलं नसतं. सुचिता म्हणाली की घरात क्षयाचा रोगी होऊन गेला आहे, सरकारी माणसं येतील तेव्हा येतील, मी तुम्हा सगळ्यांना तपासून घेते. यात खोटं काही नव्हतं. तिने आधी आवडाबाईला तपासलं. मग गणराजला आतल्या खोलीत बोलावलं.

"पाठ करा."

गणराज वळला. दोन्ही हात छातीवरून गेले, उलट्या खांद्यांवर टेकले, मान खाली गेली.

मग न सांगताच आपण तसे बसलो हे त्याला उमगलं. हात मात्र त्याने खाली घेतले नाहीत. सुचिताने आपलं बोट त्याच्या पाठीवर टेकवलं नि वरून खाली वाजवत आली. तीच सरळ पाठ, तोच घुमणारा आवाज. ती ह्या छातीला ओळखत होती. मग तिने नळी लावली, आणि उजव्या खांद्याच्या मागे, अगदी वरच्या टोकाला, ती थांबली. पुन्हा श्वास घ्यायला लावला. थोडं खोकून पुन्हा. कानाजवळ केसांची बट चोळल्यावर येतो तसा बारीक चुरचुराट तिथे होता. त्या दिवशी तो नव्हता.

६

"मना वाटलं तो बरा होतोय," गणराज म्हणाला. दोघं घरामागच्या माडाखाली उभी होती.

अलिबागला एका डॉक्टरकडे गणराजच त्याला चोरून न्यायचा. सुईने पाणी काढलं, गोळ्या सुरू झाल्या, दर खेपेला डॉक्टर हात असे ठेव, मान खाली घाल म्हणायचा, आणि गणराज शेजारच्या स्टुलावर बसून बघायचा. पाणी काढल्यावर पोराला आराम पडला. गोळ्यांनी पोटात जळायचं, लघवी लाल व्हायची, घरात कुणी बघेल म्हणून स्वप्निल घाबरायचा. तिकडच्या फेऱ्या त्याने हळूहळू टाळल्या. मी एकटा जाऊन येतो म्हणायचा नि गणराजला ते खरं वाटायचं. मग बंदरावरचं काम आलं. तपासणीत जुनं दुखणं सापडेल आणि लग्न मोडेल, तेवढा एक दिवस दादा तू बस, असं त्याने पाय धरून सांगितलं.

"म्या बसलो. तुमी 'छाती चांगली हाय' बोललात, तवा मना काय आनंद झाला. जशी त्याचीच चांगली झाली." मग म्हणाला, "गोळ्या मागनं सापडल्या, त्याच्या जाळ्याच्या पिशवीत. पट्ट्या फोडल्याच नव्हत्या."

सुचिताला राग यायला हवा होता. या माणसामुळे तिचा दवाखाना ओस पडला होता आणि तिने कितीतरी दिवस स्वतःला खुनी मानलं होतं. पण समोरचा माणूस तिच्याहून कितीतरी जास्त रात्री तेच मानत होता, हे तिला दिसत होतं. तिला फक्त रडू आलं.

चौकशीत खरं सांगतो, गणराज आपणहून म्हणाला. मग मला आत टाकोत की काय करायचं ते करोत. फक्त आयेला सांगू नका, तिला एकच पोर उरलंय, ते असं निघालं हे तिला कळू नये.

तेव्हा सुचिताने त्याला त्याच्या छातीतलं सांगितलं. थुंकी तपासावी लागेल, पण तिला फारशी शंका नव्हती. दोघं भाऊ एकाच खोलीत निजत होते.

गणराजने माडाच्या बुंध्याला पाठ टेकवली. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मॅडम. त्याला न्हाय मिळालं औषद, मना कशाला?"

"तुला कशाला ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. इतका वेळ सांभाळलेलं 'तुम्ही' तिच्या तोंडून गळून पडलं. "लपवलंस म्हणून एक गेला. आता तू पण लपवून जा, मग म्हातारीने कुणाच्या दारात येऊन विचारायचं?"

तो घराकडे वळला, आणि सुचिता माडाखालीच थांबली. आतून त्याचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. आवडाबाईचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळाने ती मागच्या दाराने बाहेर आली, सुचिताच्या समोरून गेली नि किनाऱ्यावर बोंबलांपाशी जाऊन पाठमोरी बसली. सुचिताला वाटलं, एक पोर आधीच गेलेल्या ह्या बाईचं दुसरंही आज आपण हिरावलं.

७

चौकशीत गणराज बोलला. त्याचं काय करायचं ते अजून ठरायचं होतं, पण सुचिताच्या नावावरचा डाग गेला आणि बाकावर पुन्हा खोकले जमू लागले. तिला त्याचा म्हणावा तसा आनंद झाला नाही. आता ती छातीआधी चेहरा बघायची, मास्क उतरवायला लावून, नीट.

थुंकीत जंतू सापडले. गोळ्या घेऊन ती स्वतःच कोळीवाड्यात गेली. सकाळची वेळ होती. गणराज पडवीत बसला होता, आवडाबाई आत. रंगूने वाटेत सांगितलं होतं की म्हातारी त्या दिवसापासून मुलाशी बोललेली नाही. ताट वाढते, पुढे सरकवते, तोंड फिरवते. गणराजही तसाच, अर्धं जेवतो नि उठतो.

सुचिताने गोळ्यांची पट्टी त्याच्यापुढे ठेवली नि कशा घ्यायच्या ते सांगितलं. पोटात जळेल, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, एकही दिवस चुकवायचा नाही. तो मान हलवत होता, पण हात पट्टीकडे गेला नाही. मग घेतो, म्हणाला. ते 'मग' कसलं असतं हे सुचिताला कळत होतं.

आवडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने खाली बसून पट्टी उचलली. "यातल्या कंच्या?" तिने सुचिताला विचारलं. सुचिताने दाखवल्या. म्हातारीने जाड बोटांनी एकेक गोळी पट्टीतून फोडून तळहातावर घेतली आणि तो हात मुलाच्या तोंडापुढे धरला.

"आये," गणराज म्हणाला.

"गिळ."

त्याने गोळ्या घेतल्या, पाणी प्याला. आवडाबाई उठली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तोंड उघड," ती म्हणाली. "जीभ वर कर."

त्याने जीभ वर केली. तिने वाकून नीट पाहिलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. आत काही लपवलेलं नव्हतं. मग तिने पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या आपल्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि उद्या याच वेळेला घरात असायचं, असं त्याला सांगून ती तांब्या घेऊन आत गेली.